मऊ आणि बिनतिखट

"काय कापाचं ते कापा, पण त्याच्या पहिले मले एकदा भाजलेलं मटण खाऊ द्या," श्रावण डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टर हसले. त्यांची बायको बायनाबाई हसल्या नाहीत. साक्षी फाइलमधले वडिलांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावत होती. तिने मान वर केली, आणि ते वाक्यही फाइलीत लावावं तसं मनात ठेवून दिलं.

वाक्य तसं लांब होतं, आणि हल्ली ते लांब बोलत नसत. राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीत त्यांची उभी हयात गेली. खर्रा गालात असला की धूळ घशाखाली जात नाही, असं खाणीत लहानथोर सगळेच म्हणत. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेली ती पुडी त्यांच्या खिशात हजेरीच्या बिल्ल्याइतकीच कायम असे. गाल आतून हळूहळू चामड्यासारखे ताठ झाले. तोंड उघडायचं कमी कमी होत गेलं, आणि उजव्या गालात जखम झाली ती भरेना. ती कशाची आहे हे चंद्रपूरच्या तपासण्यांनी आता सांगितलं होतं. ऑपरेशन नागपूरला. गालाचा भाग जाणार, जबड्याचा तुकडा जाणार, छातीचं मांस काढून तिथे लावणार, आणि जेवण नाकातल्या नळीतून. तोंडाने पुन्हा कधी, असं साक्षीने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बघू."

साक्षी पाण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. गावोगावच्या बोअरचं पाणी तिच्याकडे बाटल्यांतून येई आणि त्यात फ्लोराइड किती हे ती दशांशात लिहून देई. तिथे "बघू" हे उत्तर चालत नसे.

सोमवारी पहाटे नागपूरला निघायचं होतं. म्हणजे जे काय खायचं ते रविवारी दुपारी. संध्याकाळपासून फक्त पातळ, असं लिहूनच दिलं होतं.

खरं तर गोष्ट साधी होती. अर्धा किलो मटण आणायचं, मीठ-हळद लावायची आणि विस्तवावर धरायचं. पण चंद्रपूरला साक्षीच्या भाड्याच्या दोन खोल्यांत ते होणार नव्हतं. घरमालकीण इंदुताई माणूस म्हणून चांगल्या होत्या. श्रावण आल्यापासून त्यांच्यासाठी रोज ताक पाठवत. मात्र खोली देताना त्यांनी गोड आवाजात विचारलं होतं, "तुमच्यात नॉनव्हेज चालतं, पण इथे नाही ना करणार?" आणि साक्षी नाही म्हणाली होती. त्या "नाही"वर ती एवढी वर्षं राहत होती. अंडंसुद्धा तिने कधी आणलं नव्हतं. आईवडिलांना ती म्हणाली होती की इथला गॅस फार मंद आहे, मटण शिजत नाही. बायनाबाईंनी आल्या आल्या एक पातेलं उचलून हुंगलं, खाली ठेवलं, आणि पुन्हा त्यावर बोलल्या नाहीत.

राजुऱ्याचं घर काही दूर नव्हतं. पण रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला श्रावणांचा हात गालावर जाई. जाऊन परत येणं त्यांना झेपलं नसतं.

तेव्हा साक्षीने एक बार्बेक्यू हॉटेल शोधून काढलं. नागपूर रोडला नवीन झालं होतं, प्रयोगशाळेतली उर्वशी नवऱ्याबरोबर जाऊन आली होती. टेबलातच विस्तव असतो म्हणे, सळयांवर भाजलेलं मटण, कोंबडी, मासा, पुरे म्हणेपर्यंत आणून देतात. साक्षीने फोन लावला. तिकडून एक गोड आवाजाची बाई बोलली. साक्षीने तिला नीट, मुद्देसूद सांगितलं: पेशंट आहेत, तोंड फारसं उघडत नाही, तुकडे बोटाच्या पेरापेक्षा लहान हवेत, तिखट अजिबात नको, मिरचीचा हातही नको, फक्त मीठ चालेल.

"शुअर मॅम. मऊ आणि बिनतिखट. नोट केलंय."

"किचनला कळेल ना?"

"नोट केलंय मॅम. आणि ऑकेजन काय आहे? बर्थडे? अॅनिव्हर्सरी?"

काय सांगायचं हे साक्षीला सुचेना, आणि ती बाई तर थांबूनच होती. "बर्थडे," साक्षी म्हणाली.

रविवारी अश्वजित, तिचा धाकटा भाऊ, राजुऱ्याहून मोटरसायकलवर आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. श्रावणांनीही पांढरा सदरा घातला, दाढी केली. दुखऱ्या बाजूची बायनाबाईंनी हळू हाताने करून दिली. ऑटोत बसताना ते म्हणाले, "सकाऊनपासून पेज नाई घेतली मी. पोट रिकामं ठेवलं हाये."

हॉटेल तिसऱ्या मजल्यावर होतं. आत थंडगार, आणि दुपार असूनही दिवे लावलेले. टेबलाच्या मधोमध खाच होती. एक वेटर आला, पवन असं त्याच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं, आणि त्याने धगधगता विस्तव भरलेलं लोखंडी पात्र चिमट्याने धरून त्या खाचेत बसवलं.

श्रावण पुढे वाकले. चेहऱ्यावर धग घेतली. कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे जागे झालेले साक्षीने पाहिले.

"हा आपला कोळसा नव्हे," ते अश्वजितला म्हणाले. "लाकडाचा हाये. बाभूळ असन."

"बाबा, इथी बी ड्युटी करून राह्यले का तुमी?" अश्वजित म्हणाला.

"जनम गेला त्याच्यात. दोन कोळशातला फरक नाई समजन का मले?"

टेबलावर बोटभर उंचीचा एक कागदी झेंडा होता. पवनने समजावून सांगितलं: झेंडा उभा आहे तोवर आम्ही आणत राहू, पुरे झालं की आडवा करायचा.

"लई बेस हाये," बायनाबाई म्हणाल्या. "आपल्या घरी असा झेंडा पाह्यजे होता. तुम्ही दोघंबी कधी आडवा केलाच नसता."

सळया आल्या. लांब, चकचकीत, आणि त्यांवर ओवलेलं मटण, कोंबडी, मासा. पवनने त्या विस्तवावर मांडल्या आणि चरबीचा थेंब खाली पडून चर्र झालं. वास उठला. तो वास खरा होता, त्यात काही खोट नव्हती. श्रावणांनी डोळे मिटून तो ओढून घेतला. पण साक्षी सळयांकडे पाहत होती. तुकडे लिंबाएवढे होते आणि सगळे लाल होते.

"दादा, मी फोनवर सांगितलं होतं," तिने पवनला बाजूला वळून म्हटलं. "एका माणसाचं बिनतिखट हवं, लहान तुकडे."

पवनने खिशातला मोबाइल काढून पाहिला. "मॅडम, इथे तर फक्त चार माणसं आणि बर्थडे एवढंच आलंय."

"त्या म्हणाल्या नोट केलंय."

"तो कॉल पुण्याला जातो मॅडम. इथे नाही लागत." तो ओशाळला होता. "मसाला सकाळीच लागतो, सगळ्याला एकाच टबात."

"मग कच्चं मटण असेल ना? नुसतं मीठ लावून द्या. आम्ही इथेच भाजून घेऊ."

"कच्चं उरतच नाई मॅडम इथे. सकाळी माल आला का सगळाच टबात जाते." बोलता बोलता त्याची हॉटेलची भाषा सुटून गावची आली. "अननस देऊ का भाजून? मका हाये. दालखिचडी सांगतो पाह्यजे तं."

दालखिचडी. ती तर घरी रोजच होती. साक्षीने मान हलवली. कुणावर रागवायचं हे तिला कळेना. पवनवर रागवण्यासारखं काही नव्हतं, आणि पुण्याच्या त्या बाईने तर प्रत्येक शब्द ऐकून घेतला होता.

कुणी जेवायला सुरुवात केली नव्हती. श्रावण पाळीवरून घरी येत ती वेळ रोज वेगळी असे, तरी पोरं लहान असल्यापासून घरची रीत एकच होती: पहिला घास त्यांचा. त्यांनी घास घ्यायचा, गिळायचा, मान हलवायची, मग बाकीच्यांनी ताटाला हात लावायचा. सांगून कुणी केलं नव्हतं, तशी सवयच पडून गेली होती. आताही बायनाबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि अश्वजित भुकेला असूनही सळयांकडे पाहत नव्हता.

"घ्या जी," बायनाबाई म्हणाल्या.

श्रावणांनी मटणाचा एक तुकडा ताटात घेतला. बोटांनी त्याचा बारका धागा काढला. दातांच्या फटीतून आत सरकवला. क्षणभर काही झालं नाही. मग त्यांचा चेहरा आवळला, कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. ते थुंकले नाहीत. रुमाल तोंडावर धरून बसून राहिले. साक्षीने पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा त्यांनी हाताने थांब अशी खूण केली. जखमेवर पाणी गेलं की आग वाढते हे तिलाही ठाऊक होतं, तरी तिने पेला पुढे केला होता. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"राहू द्या बाबा," अश्वजित म्हणाला.

"थांब न बे," रुमालाआडून ते म्हणाले. "घाई काऊन करतं?"

बायनाबाईंनी एक तुकडा उचलला आणि सरळ पेल्यातल्या पाण्यात घातला. चिमटीत धरून खळखळून धुतला. पाणी लाल झालं. तो पेला बाजूला ठेवून त्यांनी दुसरा घेतला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने आईला कोपराने ढोसलं आणि दोघी पाहू लागल्या. बायनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तांदूळ धुवावेत तसं शेवटचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत त्यांनी मटण धुतलं, मग त्याचे धागे सोडवले, धाग्यांचे आणखी धागे केले आणि वर मीठ भुरभुरलं.

"आता पाहा."

श्रावणांनी ते तोंडात घेतलं. साक्षी त्यांच्या जबड्याकडे पाहत होती. तो हलत होता, थोडासाच, जात्याची तळी अडकून हलावी तसा. ते बराच वेळ हलवत राहिले. आता आग होत नसावी. पण चेहऱ्यावर दुसरंही काही येत नव्हतं. शेवटी त्यांनी तो चोथा रुमालात काढला आणि रुमालाची घडी केली.

"कसं लागते?" बायनाबाईंनी विचारलं.

"धुतल्यासारखं," श्रावण म्हणाले.

आणि झेंडा उभाच होता. आडवा करायचं कुणाला सुचलं नव्हतं, त्यामुळे दुसरा एक वेटर आला आणि आणखी चार सळया ठेवून गेला. मग कोळंबी आली, मग मशरूम. पहिल्या सळयांवरचं मटण विस्तवावर तसंच राहून कडेने काळं पडायला लागलं होतं. साक्षीने हात लांबवून झेंडा आडवा केला. तेवढ्यात श्रावणांनी तो पुन्हा उभा केला.

"तुम्ही कुठी खाल्लं अजून?" ते म्हणाले.

"तुम्ही घास घेतल्याशिवाय कसं खावं?" बायनाबाई म्हणाल्या.

ते सळयांकडे पाहत राहिले. साक्षीच्या मनात एकामागून एक उपाय येत होते आणि ती एकेक खोडत होती. मिक्सरमधून काढून द्या म्हणावं, तर मसाला आहेच. मासा मऊ असतो, पण तोही त्याच टबातला. कुठून तरी साधं मटण आणावं, तर दुपार सरत आली होती, आणि आणून भाजायचं कुठे, हे पुन्हा होतंच. आपण सगळं नीट सांगितलं होतं, हे ती मनाशी म्हणत होती, आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

तेव्हा दिवे मंद झाले. मोठ्याने गाणं सुरू झालं, आणि स्वयंपाकघराच्या दारातून पाच-सहा वेटर टाळ्या वाजवत आले. पुढे पवन होता, हातात छोटा केक, त्यावर एक मेणबत्ती. ते थेट यांच्याच टेबलाशी आले.

"कोणाचा बड्डे हाये?" अश्वजितने बहिणीला विचारलं.

साक्षीने केकसाठी ताटं बाजूला सरकवली. तिचे कान तापले होते.

पवनने केक श्रावणांच्या पुढ्यात ठेवला. कुणीतरी चकाकत्या कागदाची टोपी त्यांच्या डोक्यावर बसवली. शेजारची टेबलंही टाळ्या वाजवू लागली. श्रावणांनी टोपीला हात लावून पाहिला, मग साक्षीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पाहून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं.

"माहा बड्डे कवा असते हे माह्या मायलेबी माहीत नव्हतं," ते म्हणाले. "तुमाले कसं माहीत झालं बापा?"

वेटर हसले. "अंकल, फूंक मारो," एकजण म्हणाला.

तपासणीच्या पहिल्या दिवशी डॉक्टरांनी श्रावणांना हेच करायला सांगितलं होतं, गाल फुगवा, फुंकर मारा. गाल ताठ झालेल्या माणसाला फुंकर मारता येत नाही. ओठांचा चंबूच होत नाही. हवा कडांनी निसटून जाते. साक्षीने ते त्या दिवशी पाहिलं होतं. आता टाळ्या एका ठेक्यात पडत होत्या, दहा-पंधरा अनोळखी माणसं वाट पाहत होती, आणि श्रावण लोक वाट पाहताहेत म्हणून पुढे वाकले. त्यांनी प्रयत्न केला. एक बारीक फस्स असा आवाज आला. ज्योत हलली नाही.

"और जोर से, अंकल."

ते पुन्हा वाकले.

"आमच्यात मेणबत्ती फुंकत नाई," बायनाबाई म्हणाल्या.

त्या मोठ्याने बोलल्या होत्या. टाळ्यांचा ठेका चुकला.

"बुद्धाच्या वंदनेले लावतो आमी मेणबत्ती," त्या म्हणाल्या. "तोंडानं विझवत नाई तिले." आणि त्यांनी हात पुढे करून, चिमटीत वात धरून ती विझवली. बोटं भाजली असतील, पण त्यांनी ती पदराला पुसलीही नाहीत.

वेटरांना काय करावं कळेना. मग पवनने टाळी वाजवली, बाकीच्यांनीही वाजवली, गाणं अर्ध्यावरून संपलं आणि दिवे लागले. सगळे गेले. टोपी श्रावणांच्या डोक्यावरच राहिली होती. ती अश्वजितने हळूच काढून खुर्चीखाली ठेवली.

"मीच सांगितलं होतं," साक्षी म्हणाली. "त्यांनी विचारलं, काय आहे म्हणून. मला काही..."

"ठीक हाये न," श्रावण म्हणाले. "दुसरं काय सांगणार होतीस?"

त्यांनी केकच्या कडेची क्रीमची साय बोटावर घेतली. गोड त्यांना कधीच आवडलं नव्हतं. दिवाळीतही ते शंकरपाळ्याला हात लावत नसत, चिवडा द्या म्हणत. ते बोट त्यांनी दातांच्या फटीतून आत नेलं. साय आत गेली. तिला चावायचं नव्हतं, तिच्यात तिखट नव्हतं. त्यांनी गिळलं आणि मान हलवली.

"घेतला घास," ते म्हणाले. "जेवा आता."

बायनाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"जेव म्हटलं न तुले. पोराले तरी दे. सकाऊनपासून उपाशी हाये तो."

अश्वजितने एक सळई ओढली. पहिला तुकडा त्याने घाबरत खाल्ला, दुसरा जरा भराभर. साक्षीनेही एक घेतला. कडेने करपला होता, पण आतून रसरशीत होता, आणि धुराचा वास मटणात पुरता मुरला होता. ती नको नको म्हणत असताना तिच्या तोंडाला पाणी सुटलं. वाईट असतं तर बरं झालं असतं. तक्रार तरी करता आली असती. तिने मान खाली घालून खाल्लं. वडील तिघांच्या हातांकडे पाहत होते, हाताकडून तोंडाकडे, तोंडाकडून ताटाकडे, आणि बोटाने साय चाटत होते.

"कोळंबी घे न," ते बायनाबाईंना म्हणाले. "थे लाल नाई दिसत."

निघताना पवन लिफ्टपर्यंत आला. "काका, बरे होऊन या," तो म्हणाला. "मी सकाळीच साधं काढून ठेवीन तुमच्यासाठी. थेट इथी फोन करा, पुण्याले नका करू." श्रावणांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

खाली ऑटोची वाट पाहत उभे असताना श्रावणांचा फोन वाजला. झाडूभाऊंचा होता. दोघांनी खाणीत एकाच पाळीत वर्षानुवर्षं काम केलं होतं. आता झाडूभाऊ आपल्या जंगलातल्या गावी परत गेले होते, आणि तिथे एका ठरावीक झाडाखालीच रेंज येई. सुट्टीच्या दिवशी वर्धा नदीवर जाऊन मासोळी धरायची, पळसाच्या पानात गुंडाळून विस्तवात लोटायची, हा त्या दोघांचा उद्योग.

"जेवलो न बे," श्रावण फोनवर म्हणत होते. शब्द घोटाळत होते, पण आवाज मोठा होता. "टेबलातच विस्तव. हो न, लाकडाचा. मटण होतं, कोंबडा होता, झिंगा होता. पोरीनं बड्डे केला माहा. टोपी घातली." ते हसले. मग गालावर हात गेला, आणि त्यांनी फोन साक्षीपुढे धरला. "बोल तू. दुखते मले."

साक्षीने फोन कानाला लावला.

"बाई, खाल्लं का त्यानं बरोबर?" झाडूभाऊ ओरडून विचारत होते, मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता. "का नुसतं मले सांगून राह्यला?"

श्रावण तिच्याकडे पाहत होते. बायनाबाई रस्त्याकडे. साक्षीने आजवर न मोजलेला आकडा कधी लिहिला नव्हता.

"खाल्लं काका," ती म्हणाली. "पोटभर खाल्लं."

"मंग बेस झालं. आता नागपूरहून आला का मीच नेतो त्याले नदीवर. सांग त्याले, मासोळी माह्याकडून."

"काय म्हणते थो?" श्रावणांनी विचारलं.

"नागपूरहून आल्यावर नदीवर नेतो म्हणतात. मासोळी त्यांच्याकडून."

श्रावणांनी गालावरचा हात काढला.

"त्याले म्हण, मीठ बेतानं टाक," ते म्हणाले. "मागच्या खेपेले खारट केली होती त्यानं."

"काका," साक्षी फोनमध्ये म्हणाली, "बाबा म्हणतात, मीठ बेतानं टाका." तिकडून झाडूभाऊ बराच वेळ काहीतरी सांगत राहिले, मीठ त्यांनी नाही तर श्रावणनेच टाकलं होतं म्हणून. ऑटो आला, आईने वडिलांना हात देऊन आत बसवलं, तरी साक्षी फोन कानाला लावून तिथेच उभी होती आणि प्रत्येक वाक्याला हो म्हणत होती.